अबुंदियोचा नवस

ओनोरिनाच्या यात्रीघरात शिरायचं तर आधी पाठपिशवी काट्याला लटकवायची, मग तोंड उघडायचं. एकतीस वर्षं हाच कायदा. स्पेनमधल्या पालेन्सियाच्या उघड्याबोडक्या माळावरचं ते गाव. सांतियागोला संत याकोबाच्या समाधीच्या यात्रेला पायी निघालेला माणूस तिथं पोचेस्तोवर अर्धमेला झालेला असायचा, आणि ही बाई त्याला पाणी विचारायच्या आधी त्याचं ओझं तोलायची.

"चौदा किलो! संसार थाटायला निघालायस का रे? स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्सा, त्यावर पावशेरसुद्धा नको. ही जीनची विजार टाक. हे जाडजूड पुस्तक टाक. आणि हे काय, केस वाळवायचं यंत्र? अगं माझे बाई, वाटेत तुला बघायला कोण येणारेय?"

माणसं चिडायची, हसायची, पण टाकायची. मागची खोली त्या टाकलेल्या सामानानं भरून गेली होती. मग जेवताना, लसणाचं सूप वाढता वाढता, पायांवर प्रवचन. सकाळी बोटांना व्हॅसलीन चोपडा. बुटात एखादी जागा गरम लागली की तिथंच बसा, मोजे काढा, फोड यायची वाट बघू नका. पहिले तीन दिवस म्हाताऱ्यासारखं चाला, म्हणजे पुढचे तीस दिवस तरण्यासारखं चालता येईल. आणि सकाळी आठच्या ठोक्याला सगळे बाहेर! एका माणसाला एकच रात्र.

बोलायला काय जातंय? बाई स्वतः कधी शेजारच्या कारियोनच्या बाजारापलीकडे चालत गेलेली नव्हती.

त्या वर्षी एप्रिलात तिचा थोरला भाऊ अबुंदियो अंथरुणाला खिळला. ऐंशी वर्षांचा, जन्मभर मेंढरं राखलेला, अविवाहित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय थकलंय, दोन महिने गेले तरी खूप. अबुंदियोला मरणाचं काही वाटेना, पण एक गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. पोरवयात त्यानं संत याकोबाला नवस बोलला होता, सांतियागोपर्यंत पायी येईन म्हणून, आणि तो तसाच राहून गेला. मेंढरं कुणाच्या गळ्यात मारायची, यापायी वर्षांमागून वर्षं निघून गेली.

पाद्रीबाबा म्हणाले, "अरे, संत समजून घेईल."

"शब्द मी दिला," अबुंदियो म्हणाला, "आणि समजून त्यानं घ्यायचं?"

नवस कशासाठी, ते मात्र हा मनुष्य सांगेना. गावानं आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं लष्करातून सुटण्यासाठी, कुणी म्हणालं पोस्टातल्या सेल्साशी लग्न व्हावं म्हणून. ओनोरिनानं तर्कात वेळ घालवला नाही. आजारी माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं चाललं तर सांतियागोच्या कचेरीत यात्रेच्या प्रमाणपत्रावर त्या आजाऱ्याचं नाव घालतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं यात्रीघराच्या किल्ल्या आणि भावाची देखभाल शेजारणीकडे दिली.

"एकाहत्तर वर्षांची घोडी तू," अबुंदियो म्हणाला. "मरशील वाटेत."

"तू आधी मरू नकोस, म्हणजे झालं," ती म्हणाली आणि निघाली.

आता बघा गंमत. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवणारी ही बाई मागच्या खोलीत गेली आणि तिथल्या फळीवरचे सगळ्यात महागडे बूट उचलून आली. जर्मन चामडं, जाड तळवे, जवळजवळ कोरे. फुकटात असे बूट कोण सोडेल? अहो, कुणीतरी सोडलेच होते ना! चांगले असते तर त्यांचा मालक ते टाकून चपलांवर का गेला असता? पण हा प्रश्न तिच्या डोक्याला शिवला नाही. वर तिनं पिशवीत सॉसेजं, चीज, सगळ्या संतांच्या तसबिरी आणि इस्त्री केलेला सणासुदीचा झगा भरला. काट्याला लटकवली का? छे! घरच्या माणसाला कसला काटा?

तिसऱ्या दिवशी साआगूनच्या पुढच्या एका खेड्यात ती पोचली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. तिथल्या यात्रीघराचा सेवेकरी फेर्मिन हा नवारा प्रांताकडचा, पूर्वी रुग्णवाहिका चालवायचा. त्यानं तिचे मोजे काढले, आणि मोज्याबरोबर टाचेची कातडी आली.

"बाई, बुटात कुठली जागा गरम लागली नाही?"

"लागली."

"मग?"

"मग काय मग? घाई होती!"

फेर्मिननं शांतपणे गरम पाणी आणलं. जखमा धुतल्या, औषध लावलं, पट्ट्या बांधल्या. ओनोरिनाला वाटलं, हा रागावला असता तर बरं झालं असतं. त्या शांतपणानंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चार दिवस पाय जमिनीला लावायचा नाही," तो म्हणाला. "आजाऱ्याला इथं जास्त राहता येतं. फक्त तोंडानं सांगा, मला बरं नाही म्हणून."

"मला काहीएक झालेलं नाही," ओनोरिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सगळे निघून गेले. ओनोरिना पायरीवर बसून बूट चढवायला बघत होती आणि पाय आत जात नव्हता. चार दिवस! चार दिवसांत तिकडे काय होईल कोण जाणे. समोरच्या थांब्यावर पुढच्या लेओन शहराची बस दहाला येत होती. तिनं भावाच्या मोबाइलवर फोन लावला.

"अबुंदियो, ऐक. दोन मुक्काम बसनं गेलं तर चालेल का रे? तुझ्या त्या संताला काय कळतंय?"

पलीकडे खाट करकरली.

"पायांना काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. थोडं सोललंय."

"ओनोरी, खरं सांग."

तिनं सांगितलं. बूट, टाचा, सगळं. आपण किती मूर्ख आहोत तेही सांगितलं.

"तू चार वर्षांची होतीस," अबुंदियो म्हणाला. "ताप उतरला, पण पाय हलेनात. त्या हिवाळ्यात गावातली दोन पोरं त्याच दुखण्यानं गेली होती. आईनं तर तुला चाकांची खुर्ची करायला सुतारालाही सांगून ठेवलं होतं. मी देवळात गेलो. म्हटलं, ही चालली, तर मी चालत येईन."

ओनोरिनानं हातातला बूट खाली ठेवला.

"मेल्या, मग सांगितलं का नाहीस आजवर?"

"सांगितलं असतं तर तू मला त्याच दिवशी वाटेला लावलं असतंस. मेंढरं कुणी बघितली असती?" तो खोकला, मग दम घेऊन म्हणाला, "मी मागून घेतलेले पाय आहेत ते, गाढवे. कुणा परक्याच्या बुटांत घालून सडवतेस होय?"

"पण तुझ्याकडे दिवस कुठं आहेत?"

"ते मी बघतो. तू बसनं जाऊ नकोस आणि धावत जाऊ नकोस. मी थांबतो."

ओनोरिना त्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. आईबाप गेले तेव्हासुद्धा ती लोकांदेखत रडली नव्हती. मग तिनं आत हाक मारली.

"फेर्मिन! मला बरं नाही. मला राहू द्या."

पाच दिवस ती राहिली. पिशवी निम्मी झाली, झगा फेर्मिनच्या शेजारणीला गेला, आणि पायांत रुंद पट्ट्यांच्या चपला आल्या. पुढे कधी बारा किलोमीटर, कधी आठ. तरणी पोरं तिला मागं टाकून जात आणि ती त्यांना जाऊ देई. रोज संध्याकाळी ती भावाला फोन करायची. शेवटच्या चार दिवसांत तिकडून कुणी उचलला नाही. शेजारीणही उचलेना. ओनोरिना चालत राहिली, कारण दुसरं काय करणार होती?

सांतियागोच्या कचेरीत खिडकीमागच्या मुलीनं तिचं मुक्कामोमुक्कामी घेतलेल्या शिक्क्यांचं पुस्तक तपासलं.

"कुणाच्या वतीनं, आजी?"

"भावाच्या. अबुंदियो."

"हयात आहेत?"

ओनोरिनानं खिशातून फोन काढला. मागं रांग खोळंबली होती.

"थांब," ती म्हणाली. "विचारते."

फोन वाजत राहिला. सहाव्यांदा वाजताना कुणीतरी उचलला. मागं इस्पितळातली माणसं बोलत होती; चार दिवस फोन का उचलला जात नव्हता ते तिला कळलं.

"पोचलीस?" अबुंदियोनं विचारलं.

"पोचले रे."

"आणि पाय?"

"दोन्ही आहेत," ती म्हणाली.