वाऱ्यावर जगणारी पोर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वजनकाटा, काट्यावर सतरा वर्षांची धावपटू भिंगरी, आणि शेजारी हात उंचावून वायुमहाराज!

"दोन महिने पोटात अन्नाचा कण नाही! फक्त माझं मंतरलेलं पाणी! आणि वजन? तेच्या तेच! अरे, वारा काय जेवून वाहतो?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांचं स्वतःचं पोट वाऱ्यावर भरलेलं दिसत नव्हतं, पण तिकडे बघतो कोण?

पहिल्या रांगेत भिंगरीचे वडील हात जोडून बसले होते. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाजारातला खोटा काटा ते नुसत्या नजरेनं ओळखत. पण सहा महिन्यांपूर्वी प्रशिक्षक "हलकी हो, वेग वाढेल" म्हणाले आणि पोरीचं ताट मागे सरकू लागलं. विनवण्या झाल्या, रडारड झाली. पाळी थांबली तेव्हा आई हबकली आणि तिला महाराजांकडे घेऊन गेली. महाराज म्हणाले, "हा आजार नाही, ही सिद्धी आहे." थकलेल्या घराला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या तिसऱ्या फेरीत भिंगरी कोसळली. नडगीचं हाड तडकलं होतं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर बसवलं. कालच्यापेक्षा कितीतरी कमी आकडा पाहून वडील म्हणाले, "तुमचा काटा चुकतोय, बाई. कालच वजन झालंय. मी या धंद्यातला माणूस आहे."

"मग तपासा की!"

त्यांनी पिशवीतलं, काटे तपासायचं प्रमाण वजन काट्यावर ठेवलं. आकडा ग्रॅमला ग्रॅम बरोबर आला. दुसरं ठेवलं. तोही बरोबर. मग ते तिथंच फरशीवर बसले.

"काका, ही पोर उपाशी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "पाळी बंद, हाडं ठिसूळ, नाडी मंद. हा हट्ट नाही आणि सिद्धी तर नाहीच. आजार आहे, आणि खेळाडूंमध्ये तो बराच आढळतो. तिच्या बाटलीतलं ते मंतरलेलं पाणी मी चाखलं. साखर-मीठ आहे त्यात, दुसरं काही नाही. त्यावर आणि चोरून खाल्लेल्या चार घासांवर तगली बिचारी."

पुढच्या गुरुवारी महाराजांच्या आठवड्याच्या सभेला सभागृह पुन्हा भरलं होतं. वडील वीस किलोचं प्रमाण वजन उचलून थेट व्यासपीठावर चढले.

"अहो, हे काय? पवित्र काटा आहे तो!" महाराज ओरडले.

"काटा पवित्र नसतो. खरा असतो, नाहीतर खोटा."

त्यांनी वजन ठेवलं. आकडा आला चोवीस.

वडिलांनी काटा पालथा घालून एक बारीक स्क्रू दाखवला. "हा पिळला की काटा वाढवून सांगतो. पोर दर आठवड्याला झिजत होती आणि हे महाराज दर आठवड्याला तो थोडा थोडा पिळत होते. एवढाच तो चमत्कार. मी पंचवीस वर्षं लोकांचे काटे तपासले आणि माझी पोर ज्यावर उभी राहिली, तो तेवढा तपासला नाही."

महाराज मागच्या दारानं सटकले. काही जण तरीही पुटपुटले, "याची श्रद्धाच कमी पडली." एक बाई मात्र आपल्या जलतरणपटू मुलाचा हात धरून मुकाट्यानं बाहेर पडली.

रुग्णालयात परतून वडिलांनी भिंगरीला सगळं सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला माहीत होतं, बाबा. कपडे सैल होत होते ना. काटा खोटं बोलायचा म्हणून मला बरं वाटायचं. मग कुणी जेव म्हणायचं नाही."

त्यांनी तिच्या पावलांवर हात ठेवला. ती पावलं गार होती.

उपचार सुरू झाले. ठरल्या वेळी जेवण, आहारतज्ज्ञ, समुपदेशन. अर्धी वाटी भात संपवायला तास लागे, डोळ्यांतून धार लागे. आई शेजारी बसून स्वतः जेवे, तिचे घास मात्र मोजत नसे. महिने गेले. भिंगरी आता जेवते, कधी कधी हसतेही. पाळी परत आली. मात्र हाड पुन्हा दोनदा तडकलं. स्पर्धेत धावशील का, याचं उत्तर डॉक्टरीणबाई देत नाहीत.

त्या एवढंच म्हणतात, "ती लवकर आली असती तर!"

लोकहो, उपाशी लेकरू देव होत नसतं, ते आजारी पडतं. खेळणारं पोर ताट टाळू लागलं, तर हात जोडू नका, रागावूही नका. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या.