समोरची खुर्ची

"इथं थांबव," बहीगा म्हणाली. "हा काढ."

फिक्रीने संगणकाच्या पडद्यावरची खूण मागे ओढली. ध्वनिमुद्रणात अंध शेख शिहाता गात होते. पैगंबरांच्या स्तुतीचा एक चरण वर चढत जाऊन थांबला होता, आणि नेमक्या त्या थांब्यात मुलाखत घेणाऱ्या नजलाचा आवाज आला होता, "अल्लाह." फिक्रीने तेवढाच तुकडा उडवला.

पुढच्या चरणाला पुन्हा "अल्लाह." त्याच्या पुढे, "अल्लाह, शेख, अल्लाह."

"माइकसमोर बसलीय की मौलिदच्या उरसाच्या मांडवात?" बहीगा म्हणाली. "किती वेळा शिकवलं, पाहुणा बोलत असला की आपलं तोंड बंद. हूं नाही, वा नाही. मान हलवायची फक्त."

"गावाकडची पोर आहे, मॅडम. त्यांच्यात दाद न देणाऱ्याला मांडवात चहासुद्धा विचारत नाहीत."

"मग मांडवातच नोकरी धरायची होती. काढ तो."

अलेक्झांड्रियाच्या त्या रेडिओ केंद्रावर शुक्रवार संध्याकाळची मुलाखत कित्येक वर्षं बहीगाची होती. कादंबरीकार, हृदयाचे डॉक्टर, चित्रकार, ग्रहताऱ्यांचे अभ्यासक, निवडणुकीत पडलेले पुढारी, सगळे तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून गेले होते. शेख शिहाता मात्र एकदा येऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. तिने निरोप धाडले, गाडी धाडली, दसूकला त्यांच्या गावी स्वतः जाऊन आली. शेख दर वेळी प्रेमाने खजूर पुढे करत आणि म्हणत, "अल्लाहची मर्जी असेल तर येऊ." आणि नजला, जिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, ती त्यांना हाताला धरून घेऊन आली होती. खालचा चहावाला बहीगालाच विचारत होता, "आपल्या नजलाबाईंची ती शेखांची मुलाखत कधी लागणार हो?" तिने तो चहा अर्धा तसाच सोडला होता.

नव्याचं काम जुन्याने तपासायचं, ही केंद्राची रीत. दुपारच्या नमाजानंतर केंद्रप्रमुख हिलमीसाहेब मुलाखत ऐकणार होते, आणि शुक्रवार कोणाकडे ठेवायचा ते ठरवणार होते.

"झालं साफ," फिक्री म्हणाला. "ऐकताय?"

"लाव."

शेख गाऊ लागले. सूर जागच्या जागी होते, शब्द धुतल्यासारखे. पण एक चरण संपून दुसरा आधीपेक्षा उंच का जातो, ते आता कळत नव्हतं. जिना होता आणि पायऱ्या कोणी काढून नेल्या होत्या.

"कालच्या भाकरीसारखं झालं, मॅडम."

"रेडिओ आहे हा. पुढं जाऊ दे."

गाणं संपलं. नजला विचारत होती, "शेख, एवढी वर्षं तुम्ही या केंद्रावर का नाही आलात?"

बहीगाने खुर्ची पुढे ओढली.

शेख हसले. "आलो होतो की, लेकी. एक बाई होत्या. मोठ्या हुशार. प्रश्न असे, की उत्तर द्यायच्या आधी मला स्वतःलाच विचारावं लागे. पण मी बोलायला लागलो की बाई नाहीशा. मी गातोय आणि समोर काही नाही. आडात तोंड घालून गावं तसं. मला वाटलं, उठून गेल्या. म्हणून पाय हळूच पुढं करून पाहिला. काहीतरी लागलं, आणि तेही निघून गेलं."

"मग?"

"मग काय. घसा बसला म्हणालो आणि उठलो. बाईंचा दोष नाही हं, लेकी. मी पडलो आंधळा. माणूस ऐकू आलं तरच माझ्यासाठी असतं. मागे कोणी झील धरली नाही, तर मी कोणाच्या जिवावर वर चढू?"

बहीगाचा हात मानेमागे गेला. त्या दिवशी तिने मान हलवली होती तशी कुठल्याच पाहुण्यासमोर हलवली नव्हती. तिसऱ्या चरणाला डोळे भरून आले, तेही तिने आवाज होऊ न देता पुसले होते. बुटाला काहीतरी लागलं, तेव्हा शेखांना अडचण नको म्हणून तिने पाय आत घेतला होता. त्यांचा घसा बसला होता, असंच ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

फिक्री पडद्याकडे पाहतच म्हणाला, "हे काढू का? सांधा दिसणार नाही. हिलमीसाहेबांना कळायचंसुद्धा नाही."

बाहेर अजान सुरू झाली. बहीगाने ती संपू दिली.

"राहू दे," बहीगा म्हणाली. "आणि मघाचे परत आण."

"सगळे?"

"सगळे. तिचा शेवटचा प्रश्न मात्र काप."

"तो चांगला आहे, मॅडम."

"लांब आहे. काप म्हटलं ना."

फिक्रीने तो कापला. मग गाणं पहिल्यापासून लावलं. नजलाचे "अल्लाह" आपापल्या जागी येऊन बसले होते. शेख एकेका हाकेवर पाय देत वर निघाले. एका चरणाला तर ते इतके उंच गेले की नजलाला दाद द्यायचंही भान राहिलं नसावं. तेवढी एकच जागा तिने रिकामी सोडली होती.

त्या थांब्यात कोणीतरी म्हणालं, "अल्लाह."

फिक्रीने पडद्याकडे पाहिलं. तिथे आवाजाची रेघ सपाट होती.