कोवळ्या काकडीला बोट

"सर, तुमचा कॅमेरा चुकला की त्याला ओरडतं कोण?"

मागच्या रांगेतून फिस्सकन हसू. हसणाऱ्या माझ्याच मैत्रिणी, रोशनी आणि भाग्यश्री. हा प्रश्न त्यांनीच माझ्या गळ्यात मारला होता. "माईक हातात घेऊन विचारलंस ना तेजल, तर दहावीच्या वर्गात खिडकीची जागा तुझी!" आणि मी कोण? तर नववीत हजेरीला इतक्या हळू 'येस मॅडम' म्हणणारी, की दोनदा गैरहजेरी लागली. पण विचारलं! माझा आवाज स्पीकरमधून माझ्याच कानावर आला आणि मला तो चक्क आवडला.

हे सगळं चाललं होतं नाशकातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात. समर स्कूल. नाव शाळेचं, पण आलेले सगळे पीएचडी करणारे, काहींना तर दाढ्या. विषय कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे कॉम्प्युटरला बघायला शिकवायचं. आठवडाभर लेक्चरं आणि शेवटच्या दिवशी ज्याने त्याने आपलं काम स्टेजवर दाखवायचं, घरच्यांना आणि मित्रमैत्रिणींनाही आमंत्रण. माझी चुलतबहीण सुवर्णाताई पुण्यात पीएचडी करते. ती आमच्याच घरी, मखमलाबादला उतरली होती. तिचा कॅमेरा वेलावरची काकडी बघून सांगणार, तोडायला तयार की अजून कोवळी. त्याला शिकवायला लागणारे फोटो होळीपासून मीच आमच्या मळ्यात काढून पाठवत होते.

ताईच्या गाइडनी बजावलं होतं, "समर स्कूलमध्ये चाललं तर पुढे जा, नाहीतर विषय बदल." विषय बदलायचा म्हणजे ताईची दोन वर्षं पाण्यात.

सुरुवात झकास झाली. ताईने आमच्या मळ्यातली एक भरलेली काकडी हातात धरली. पडद्यावर हिरवी चौकट, 'तयार'. दुसरी धरली, 'तयार'. टाळ्या! मग समर स्कूलचे मुख्य जोर्वेकर सर उठले. त्यांनी आम्ही नेलेल्या क्रेटमधून करंगळीएवढी काकडी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.

'तयार'.

हॉल हसला. सरांनी ती ठेवली आणि एक जाडजूड काकडी नुसती टेबलावर आडवी टाकली.

'कोवळी'.

ताईचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "प्रश्न आहेत कुणाचे?" सरांनी विचारलं, मागून रोशनीने चिमटा काढला आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

सर हसले नाहीत. म्हणाले, "ओरडतो आम्हीच. चुकला की सांगतो, चुकलास. पण बाळ, गंमत अशी की हा नेमकं काय बघून शिकला, ते आपल्याला सांगत नाही. ते आपणच शोधायचं. फोटो कुणी काढलेत?"

"मी काढलेत."

"मग तूच बघ."

पडद्यावर माझे फोटो आले. एका बाजूला तयार काकड्या, प्रत्येक माझ्या तळहातावर, पान बाजूला सारून ऐटीत धरलेली. दुसऱ्या बाजूला कोवळ्या. नुसत्या वेलाला लोंबणाऱ्या, लांबून घेतलेल्या. एकीजवळही हात नाही.

असणार कसा? आमच्या घरात कोवळ्या काकडीला बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ती कुजते. दाखवायचीच झाली तर बोट मुडपून. मी चालायला लागले तेव्हापासून आईने हे इतक्या वेळा सांगितलंय, की माझा हात तिथे आपोआपच मागे जातो.

"सर!" मी माईकमध्ये जवळजवळ किंचाळलेच. "तो काकडी बघतच नाहीये! माझा हात बघतोय!"

"कशावरून?"

मी पळत स्टेजवर गेले. आधीची मी असते तर पायरीवरच अडखळले असते. काकडी वगैरे काही न घेता नुसता रिकामा तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.

'तयार'.

हॉल हशाने नुसता फुटला. पण ह्या वेळी टाळ्याही होत्या. ताई "तेजे!" असं ओरडून मला येऊन बिलगली. बोट मुडपायची भानगड मी सांगितली तेव्हा सरही खो खो हसले. मग ताईने गाइडची अट सांगितली, तेव्हा तिला म्हणाले, "विषय नाही, फोटो बदला. कोवळ्यांचे हातासकट घ्या, मोठ्यांचे हाताशिवाय. नवे फोटो घालून पुन्हा शिकवा आणि मला दाखवा. तुमच्या गाइडशी मी बोलतो."

"खिडकी तुझीऽऽ!" मागून रोशनी ओरडली.

घरी पोहोचलो तेव्हा आई-पप्पा पडवीत उद्याच्या मार्केटसाठी काकडी निवडत बसले होते.

"काय गं, झाली का समर शाळा?" पप्पांनी विचारलं.

"झाली. फोटो परत काढायचेत. कोवळ्यांचे."

"मंग काढ की," आई म्हणाली. "त्यात विचारायचं काय हाय?"

"हात लावून, आई. बोट दाखवून."

आईच्या हातातली काकडी हातातच राहिली. "येडी झाली का? सगळा माल कुजंल!"

"काकू, नको असेल तर मी दुसऱ्या मळ्यात..." ताई चाचरली.

"तू थांब गं," पप्पा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् खरंच कुजल्या तर?"

"तर तेही फोटोत दिसेल की!"

पप्पांच्या मिशीत हसू हललं. आईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी पडवीच्या मधोमध उभी राहिले आणि हॉलमधल्या माईकवरच्या आवाजात सांगून टाकलं, "आई, पप्पा, माझं ठरलंय. विहिरीकडची रांग उद्यापासून माझी. तिथल्या एकूण एक कोवळ्या काकडीला मी बोट दाखवणार आहे. मुडपून नाही, सरळ!"