टाक्यांचं चिलखत

"डॉक्टरीणबाईंनी लढाईला गादी आणलीय!" ही बातमी उलबोलसुनचं सामान गाडीतून उतरायच्या आत अख्ख्या तळावर पसरली होती.

दर उन्हाळ्यात त्या उंच कुरणावर जुन्या काळाच्या वेड्यांचा मेळा भरायचा. बिश्केक, नारीन, अल्माटी, ताश्कंद, सगळीकडून मंडळी यायची आणि चार दिवस आठशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून राहायची. चेन नाही, प्लास्टिकचं बटण नाही, यंत्रावरचा एक टाका नाही. फोन असायचे, पण ते बुटांत लपवलेले. पुरुष चिलखतं घालून लढायचे, घोड्यांवरून बाण मारायचे. बायका डोक्याला पांढरे फेटे गुंडाळून कढईत मटण परतायच्या आणि फोटो काढून घ्यायच्या.

उलबोलसुन काराकोलची दातांची डॉक्टर. घरात चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने तिचं नाव असं ठेवलं होतं. त्याचा अर्थ 'आता तरी मुलगा होऊ दे'. या नावाने लहानपणी शाळेत तिची भरपूर चेष्टा झाली, आणि चेष्टा करणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायची सवय तिला तेव्हाच लागली. सात वर्षं ती या मेळ्याला येत होती. सात वर्षं तिने दुसऱ्यांचे झगे शिवले, दुसऱ्यांच्या बाह्यांवर वेलबुट्टी काढली. तिला मात्र जायचं होतं ते झेंड्याच्या दौडीत. मैदानाच्या मध्यभागी घोड्याच्या शेपटीचा झेंडा रोवलेला असायचा. स्वारांनी दौडत जाऊन तो उपटायचा आणि आपल्या तळावर आणायचा. वाटेत बाकीचे तो हिसकावणार, दोन्ही बाजूंनी तिरंदाज लोकरीची बोंडं लावलेले बाण मारणार. दौडीत उतरायचं तर अंगावर खरं चिलखत हवं, असा नियम होता. लोखंडी चिलखत तिने एकदा घालून पाहिलं होतं. तिला घोड्यावर चढवायला दोघेजण लागले, आणि उतरवायला तिघे.

पण तिच्या लोकांचे जुने स्वार काही सगळे लोखंडात मढलेले नव्हते. कित्येकजण ओल्पोक घालायचे. ओल्पोक म्हणजे आत थरावर थर घालून शिवलेला जाडजूड लढाऊ अंगरखा. अशा अंगरख्याचा एक तुकडा तिने संग्रहालयात काचेआड पाहिला आणि घरी आल्याबरोबर लोकर दाबून केलेला नमदा कापायला घेतला. वर जाडं रेशीम, त्याखाली नमदा, मग कापूस, पुन्हा नमदा, आणि शेवटी अस्तर. प्रत्येक टाका पाचही थरांतून आरपार. सुई अडायची तेव्हा ती दात काढायच्या चिमट्याने ओढायची. तीन हिवाळे दवाखाना बंद केल्यावर हाच उद्योग. नवरा जुमाबेक घोड्यांचा डॉक्टर. तो म्हणायचा, "माझी रजईही घाल त्यात, म्हणजे घरात थंडी कोणाला वाजतेय हे तरी कळेल तुला." म्हणायचा आणि तिच्यासाठी धाग्याला मेण लावत बसायचा. अंगरखा तयार झाल्यावर तिने छातीवर आरीने, त्या आकडेदार सुईने, लाल-निळ्या रेशमाची एडक्याच्या शिंगांची नक्षी भरली. केवळ सुंदर दिसावं म्हणून.

तो अंगरखा हातावर घेऊन ती मैदानात आली तेव्हा बिश्केकच्या तुकडीचा नायक तालाय वाटेतच उभा होता. उंचापुरा गडी, अंगावर झगझगीत पोलादी पत्रे.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "गादी झकास आहे हं. उशी कुठाय?"

"उशी तुझ्या डोक्यात भरलीय ना. म्हणून तर तुझं शिरस्त्राण इतकं घट्ट बसतं."

लोक हसले. तालायही हसला, पण हटला नाही. "अक्साकाल," त्याने मेळ्याच्या म्हाताऱ्या प्रमुखाला, सागिनबेकला हाक मारली, "हे चिलखत की अंथरूण, ते तुम्हीच सांगा."

सागिनबेकने दाढी कुरवाळत अंगरखा चाचपला, वास घेतला, दुमडून पाहिला. "त्या काळचं आहे, यात शंका नाही. पण बाण अडतो का, हे बाणालाच विचारलं पाहिजे. तीन बाण. तिन्ही अडले तर उतर दौडीत."

अंगरखा पेंढ्याच्या पोत्यावर चढवला. तालायने कुठूनसं कलिंगड आणून पोत्यात बरोबर छातीशी कोंबलं. "बाईंचं काळीज," तो म्हणाला. अल्माटीचा एर्केबुलान पुढे आला. त्याच्याइतका अचूक तिरंदाज मेळ्यात दुसरा नव्हता. त्याने खरा, धारदार फाळाचा बाण लावला आणि सोडला.

बाण नक्षीच्या मधोमध बसला आणि तिथेच थरथरत लोंबकळला. उलबोलसुनने श्वास सोडला.

दुसरा बाण काखेखाली लागला. थप्प असा ओला आवाज आला आणि अंगरख्याच्या कडेखालून लाल पाणी गळू लागलं.

"गेल्या बाई!" कोणीतरी ओरडलं, आणि मग जो हशा पिकला तो थांबेचना. तालायने फुटलेलं कलिंगड बाहेर काढून वाटायलाही सुरुवात केली. उलबोलसुनचे कान तापले. एर्केबुलान मात्र हसला नाही. त्याने बाण हलक्या हाताने काढून तिला दिला.

"दौड परवा आहे," सागिनबेक म्हणाला. "परवा सकाळी पुन्हा घेऊन ये. तेव्हाही नाही अडला, तर पुढच्या वर्षी बघू."

तंबूत येऊन तिने अंगरखा मांडीवर घेतला. जुमाबेकने चहाचा वाडगा शेजारी ठेवला.

"राहू दे म्हणणार असशील तर बाहेर जा," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? चहा घे म्हणतोय."

तिने भोकात बोट घातलं. मग छातीवरची बाणाची जागा तपासली. पुन्हा काखेखालची. आणि एकदम ताठ बसली.

"जुमाबेक, हे बघ. बाजूला नुसता धावदोरा आहे, ओळी एकमेकींपासून बोटभर लांब. फाळाने ओळी फाकवल्या आणि आत शिरला. छातीवर बघ. आरीचा साखळी टाका, सगळा एकमेकाला खेटून. फाळाला जागाच मिळाली नाही. रेशमाने त्याची मानगूट धरली! मी मूर्ख, मला वाटलं नक्षी शोभेला आहे."

"म्हणजे आता?"

"म्हणजे आता सगळ्या अंगरख्याला नक्षी. बाजू, खांदे, पाठ."

"परवापर्यंत? तुला हात किती आहेत?"

हात दोनच होते. ते तिने कामाला लावले. शेजारच्या तंबूत बुखाऱ्याची झुमरद होती, लग्नाच्या रुखवतात ठेवायचे मोठाले पडदे भरणारी, गोल चेहऱ्याची बाई. ती सहज डोकावली आणि नुसतं बघून तिला राहवेना. "बहिणी, एवढ्या जाड्या कापडात आरी अशी उभी नाही घालायची. तिरकी घाल. आण इकडे." ती दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसली आणि उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली. मैदानाचा चिखल झाला, लढाया रद्द झाल्या. तंबूत आता सहा-सात बायका होत्या. अंगरखा मध्ये पसरलेला, भोवती सगळ्यांच्या माना खाली. त्यांत तालायची बायको बेगिमायही होती. नाजूक दिसणारी, पण टाका लोखंडासारखा घट्ट घालणारी.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मी डोकं दुखतंय म्हणून झोपलेय."

जेवायच्या वेळी तालाय तिला शोधत आलाच. दारातला नमदा वर करून तो बघतच राहिला.

"बेगिमाय? तू इथे?"

"शत्रूच्या तळावर," झुमरद म्हणाली. "फितूर झालीय. पाय पूस आणि आत ये, नाहीतर दार लाव, धागा भिजतोय."

"एजे, पण हे तुमच्या चिलखतात… माझी बायको…"

"हसताना तोंड जरा कमी उघडत जा, बाळा," उलबोलसुन मान वर न करता म्हणाली. "काल दिसली तुझी उजवी दाढ. किडलीय. मेळा संपला की ये काराकोलला. आत्ता रिकामा असशील तर तो लाल धागा पिळून दे."

तालायने आजूबाजूला पाहिलं. पळून जाण्यासारखं हवामान नव्हतं. तो बसला आणि त्या भल्यामोठ्या बोटांनी रेशमाला पीळ देऊ लागला. मागोमाग त्याचे दोन सोबती आले, त्यांना सुया ओवायला बसवलं. लढवय्ये सुईच्या नेढ्यावर डोळे बारीक करून बसलेत, जिभा बाहेर आल्यात, हे पाहून बायकांना हसू आवरेना.

दुपारी सुया मोडायला लागल्या. खांद्याशी थर जाड होते. जुमाबेक गाडीकडे गेला आणि घोड्यांच्या जखमा शिवायच्या वाकड्या सुया घेऊन आला. नेमका त्याच वेळी सागिनबेक पाहणीला आत आला.

"थांबा. वाकडी सुई त्या काळी होती का?"

"घोड्यांना त्या काळीही जखमा व्हायच्या, अक्साकाल," जुमाबेक म्हणाला.

म्हातारा दाढीत हसला आणि चहा मागून तिथेच बसला.

दौडीच्या दिवशी ऊन लख्ख पडलं. परीक्षेला या वेळी सगळा तळ जमला. पोत्यावर अंगरखा चढला, आता खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शिंगांनी, वेलींनी, डाळिंबांनी भरलेला. डाळिंबं झुमरदची. नवीन कलिंगड आत गेलं. ते ठेवलंही तालायनेच, पण या वेळी न बोलता.

पहिला बाण छातीवर. अडला. दुसरा काखेखाली, परवाच्याच जागी. अडला. बायकांच्या बाजूने गलका उठला. एर्केबुलानने तिसरा बाण लावला आणि दहा पावलं जवळ सरकला.

"अरे, हे काय?" जुमाबेक ओरडला.

"तिच्या अंगावर असेल तेव्हा कोणी लांबून मारीलच असं नाही," एर्केबुलान म्हणाला. "मारू का, एजे?"

उलबोलसुन एक पाऊल पुढे आली. "मार," ती म्हणाली.

त्याने प्रत्यंचा कानापर्यंत ओढली. बाण बेगिमायने शिवलेल्या बरगडीवर बसला आणि पोतं मागे कलंडलं. सागिनबेकने स्वतः जाऊन कलिंगड बाहेर काढलं, चहूबाजूंनी फिरवून पाहिलं आणि डोक्यावर उंच धरलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

मग जो आवाज झाला, त्याने खालच्या ओढ्याशी चरणारे घोडे उधळले.

दुपारी दौड सुरू झाली तेव्हा ती करड्या घोडीवर होती, अंगावर ओल्पोक. नगारा वाजला आणि सगळे स्वार एकदम सुटले. जमीन अजून मऊ होती. लोखंडाचं ओझं घेतलेले घोडे खुरांनी चिखल उपसत धापा टाकत होते. झेंड्यापाशी तालाय तिच्या आधी पोहोचला. तो वाकला, पण छातीवरचे पत्रे त्याला कमरेत वाकू देईनात. हात झेंड्याच्या दांड्यावरून निसटला आणि घोडा पुढे निघून गेला. दुसऱ्याचंही तसंच झालं. उलबोलसुनने रिकिबीत पाय घट्ट केला आणि खोगिराच्या बाजूला इतकी खाली लवली की तिची वेणी गवताला लागली. अंगरखा तिच्याबरोबर लवला. मूठ दांड्यावर पडली, आणि ती वर आली तेव्हा झेंडा तिच्या डोक्यावर फडकत होता.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पाठीवर, खांद्यावर बाणांची बोंडं थडाथड आपटत होती. कोणीतरी डाव्या बाजूने धडक मारली. मग तालाय शेजारी आला आणि त्याने झेंड्याची शेपटी पकडली.

"सोडा, एजे!"

"तू सोड!"

दोघंही ओढत होते, घोडे खांद्याला खांदा लावून धावत होते. तिने लगाम एकदम उजवीकडे ओढला. घोडी जागच्या जागी वळली. तालायचा जड घोडा वळू शकला नाही. तालाय मात्र वळला, एकटाच, खोगिरावरून थेट चिखलात. त्याच्या मुठीत शेपटीचे चार केस राहिले.

तळाच्या वेशीवर पांढरे फेटे बांधलेल्या सगळ्या बायका धावत सुटल्या होत्या. ज्या फेट्यांना सकाळी गुंडाळायला इतका वेळ लागला, ते सुटून वाऱ्यावर उडत होते आणि कोणाला त्याची फिकीर नव्हती. झुमरद उझबेकमध्ये काय ओरडत होती ते कोणालाच कळलं नाही. उलबोलसुनने झेंडा जमिनीत रोवला आणि तिच्या तोंडून आरोळी निघाली. असा आवाज आपल्या गळ्यात आहे, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

तालाय घोडा हाताने ओढत, डोक्यापासून पायापर्यंत चिखल माखून आला. लोकांनी वाट दिली. त्याने तिच्यासमोर छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली.

"एजे, माझ्या मापाचा एक शिवाल?"

"आधी बायकोला विचार. निम्मा तर तिनेच शिवलाय."

"विचारलं," तालाय पडेल आवाजात म्हणाला. "ती म्हणते, आधी ती स्वतःचा शिवणार."

त्या संध्याकाळी मेंढा कापला गेला आणि मानाचा वाटा सागिनबेकने उलबोलसुनसमोर ठेवला. तिचे दोन्ही हात इतके भरून आले होते की घास तोंडापर्यंत जाईना. जुमाबेकने सगळ्यांदेखत तिला भरवलं. पोरींनी चिडवलं, तर तो म्हणाला, "घोड्यांनाही असंच भरवतो मी. जिंकलेल्या घोड्यांना."

पुढच्या उन्हाळ्यात दौडीला सात बायका उतरल्या. सातही जणींच्या अंगावर ओल्पोक, प्रत्येकीची नक्षी निराळी. झेंडा बेगिमायने उपटला. उलबोलसुन हातभर मागे राहिली आणि काराकोलला पोहोचेपर्यंत गाडीत सारखी धुसफुसत होती की घोडी वेळेवर वळली नाही, बाह्या खांद्यात आवळतात, आणि या हिवाळ्यात त्या उसवून पुन्हा लावल्याशिवाय ती काही गप्प बसणार नाही.