झाबेतचं नाव

राज्यक्रांतीच्या त्या उन्हाळ्यात व्हर्सायमध्ये जो तो हक्कांच्या गप्पा मारत होता. आमचे रुव्हलाक मालकही. समुद्रापारच्या आमच्या बेटावरच्या ऊस-मळेवाल्यांना नव्या राष्ट्रीय सभेत वीस जागा हव्या होत्या, आणि लोकसंख्या फुगवायला आम्हा गुलामांचीही मोजणी चालली होती. मत द्यायला आम्ही माणसं नव्हतो, मोजायला मात्र होतो!

यादी जुनी होती. मालक नावं वाचत, आणि मी, बेटावरून त्यांच्याबरोबर आलेली मोलकरीण, कोण गेलं ते सांगे.

"मेला, मालक."

"राहू दे. मेलेला काय तक्रार करणार आहे?"

असंच माझ्या आईचं नाव आलं. झाबेत. उसाच्या रसाच्या कढईत भाजून गेली होती ती. तिलाही त्यांनी ठेवलं.

आमच्यात मेलेलं माणूस वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली राहतं. मग नावाने हाक मारून त्याला वर काढायचं, की ते सुटलं. आईचा तो दिवस गुरुवारी होता.

नेमके गुरुवारीच देलोर्ब साहेब जेवायला आले. गुलामी बंद करा म्हणणाऱ्यांपैकी. सूप संपायच्या आत यादीवर घसरले.

"माणसं म्हणून मोजताय ना? मग प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या."

"अहो, ते मला कशाला निवडतील?" मालक खो खो हसले.

"आणि यातले जिवंत किती?"

"हिलाच विचारा. सिल्वानी, इकडे ये गं. सांग, सगळे जिवंत आहेत ना? तुझी आईसुद्धा?"

माझ्या सुटकेचा कागद सहीवाचून त्यांच्या खणात पडला होता. देलोर्ब साहेब फार मायेने माझ्याकडे पाहत होते. मला त्या मायेचाच राग आला. ते जेवून घरी जाणार होते. मी कुठे जाणार होते?

"हो साहेब. सगळे जिवंत आहेत. आईसुद्धा."

दुपारीच मालकांनी माझ्या कागदावर सही केली. पुढे त्यांच्या लोकांना वीसऐवजी सहाच जागा मिळाल्या.

त्याच गुरुवारी संध्याकाळी मी घंगाळ भरलं आणि तीनदा हाक मारली, "झाबेत!" पाणी हललं. ती आली, पण वर येईना.

"कशी येऊ गं?" आतून थकलेला आवाज आला. "यादीत मी अजून कामावर आहे म्हणतात."

तीस वर्षं झाली मला सुटून. तोंड धुवायला वाकले की ती अजून विचारते, "पोरी, माझं नाव खोडलं का गं त्यांनी?"