पाहुण्यांसाठी घंटा नसते

"ताई, शेवटचा कार्यक्रम कापा," सेक्रेटरी माझ्या कानाशी पुटपुटला. "दोनला हॉल रिकामा करून द्यायचाय."

शेवटचा कार्यक्रम म्हणजे माझी आई. वय शहात्तर, दमेकरी, हातात माउथ ऑर्गन. सहा मिनिटांच्या एका धुनेसाठी सहा महिने रोज सकाळी ती श्वास पुरवायला शिकत होती. आत्ता विंगेत स्टुलावर बसली होती, साडीची इस्त्री मोडू नये म्हणून अगदी ताठ.

आणि स्टेजवर प्रमुख पाहुणे कलेचं महत्त्व सांगत होते. पस्तीस मिनिटं झाली होती. माणसाने बोलावं, पण किती?

आमच्या कला महोत्सवात वेळेची घंटा माझ्याकडे असते. दहाव्या मिनिटाला एक ठोका, बाराव्याला दोन, की मुकाट्याने खाली उतरायचं. एकोणीस वर्षं मी ती इमानेइतबारे वाजवली. गाणाऱ्यांच्या ताना तोडल्या, नाटकातल्या मरणाऱ्याला धड मरू दिलं नाही. पाहुण्यांसाठी घंटा नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नव्हतं.

"त्यांना चिठ्ठी द्या ना," मी म्हणाले.

"वेड लागलंय का ताई? पुढच्या वर्षी हॉल कोण मिळवून देणार?"

माझं डोकं फिरलं. मी दोन ठोके दिले, चांगले ठणठणीत.

प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, "आमचीही वेळ भरली वाटतं," म्हणाले आणि आणखी दहा मिनिटं बोलले. सेक्रेटरीने माझ्या हातातून घंटा काढून घेतली. आभार झाले, टाळ्या झाल्या, लोक उठले.

मी तणतणत विंगेत गेले. "निर्लज्ज माणसं आहेत, आई. पण आज मी वाजवलीच."

"आज माझा नंबर होता म्हणून वाजवलीस," आई म्हणाली. "इतकी वर्षं इथे दुसऱ्यांच्या आया बसायच्या."

संताप तसाच होता, पण त्यातला निम्मा आता माझाच मला येत होता.

आई उठून स्टेजवर गेली. माइक बंद होता, खाली खुर्च्या मिटवल्याचा खडखडाट चालला होता. तिने वाजवायला घेतलं. निम्म्यात दम तुटला. मी धावणार तोच तिने हात वर केला. थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खुर्च्या उचलणारा माणूस दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन तसाच उभा राहिला.