सरावाचे कागद

"बघ, ही सावली मी काढलेली हाय." मी पुस्तक अंजूच्या नाकाशी नेलं.

"सरक तिकडं. वर आनंदराज सरांचं नाव हाय. तुझं कुठंय? किमतीच्या खाली?"

अंजू माझी वर्गमैत्रीण. आमच्या उदगीरच्या शाळेत हे गोष्टींचं नवं पुस्तक आलं आणि सगळ्यांच्या आधी मी पळवलं, कारण लातूरच्या आनंदराज सरांची चित्रं म्हणजे माझा जीव. चौथीपासून मी त्यांच्या चित्रांतल्या शेळ्या काढतेय. डोळे म्हणजे नुसते ठिपके. पाठीवर ऊन पाडायला कागद कोरा सोडायचा. सावलीत शाई भरायची नाही, बारीक तिरक्या रेघा ओढायच्या, सगळ्या उजवीकडे झुकलेल्या. मी डावखुरी, माझ्या रेघा आपोआप डावीकडे झुकतात. म्हणून मी कागद आडवा फिरवून रेघा ओढते. सरळ केला की हुबेहूब सर!

उन्हाळ्यात मावशीकडे लातूरला राहिले, तेव्हा धीर करून सरांचं दार वाजवलं. त्यांनी माझ्या शेळ्या पाहिल्या आणि मला आतच बसवलं.

"हात बसलाय गं तुझा," म्हणाले, आणि नुसत्या बाह्यरेषांचे कागद पुढ्यात ठेवले. "सरावाचे आहेत. सावल्या भर."

सुट्टीभर मी सावल्या भरल्या. मावशीच्या गल्लीत सगळ्यांना सांगितलं, मी सरांची विद्यार्थिनी आहे. मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या चित्रात तर इतकी रमले, की कागद फिरवायचंच विसरले.

आता तेच पान छापून समोर होतं. धान्याच्या पोत्यांमागं सगळ्या रेघा डावीकडे. अंजूनं बाकीची पानं चाळली, पुन्हा त्याच पानावर आली. या वेळी ती हसली नाही.

"विचार त्यांना," म्हणाली.

रविवारी मी पप्पांना घेऊन लातूरला सरांकडे गेले. पप्पांनी त्यासाठी किराणा दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला.

"सर, ते सरावाचे कागद होते ना?"

"सरावच झाला की तुझा."

"पण सावल्या माझ्या आहेत. आत कुठंतरी बारीक अक्षरात नाव..."

"कुणासारख्या काढल्यास?"

"तुमच्यासारख्या."

"मग?" सर मायेनं हसले.

कुणाला फरक कळू नये, यासाठीच तर मी इतकी वर्षं रेघा गिरवल्या होत्या.

"मोंढ्याचं पान तेवढं चुकलंय तुझं," सर म्हणाले. "छापून आल्यावर दिसलं. पुढच्या वेळी लक्ष दे." आणि त्यांनी टेबलावरून एक जाड पाकीट पुढं सरकवलं. "हे दिवाळीच्या पुस्तकाचं. घरीच कर, सावकाश."

मी हात मागेच ठेवले. "माझी दहावी आहे, सर," म्हणाले आणि चपला घालायला बाहेर आले.

आतून पप्पांचा आवाज आला, "लेकरू हाय, सर. मनावर घेऊ नका. करतीय ती."

परतीच्या एसटीत पप्पा माझ्याकडं बघतच राहिले. "एवढा मोठा माणूस तुला काम देतोय, अन् तू तोंड पाडून बसलीस. काय झालं गं?"

पाकीट पप्पांच्या मांडीवर होतं. दुमडू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी आडवं धरलं होतं. उदगीर येईपर्यंत ते पाठ टेकून बसले नाहीत.